पट्टीला काय कळतं?

दहावी-अकरावीतल्या मुलाचे आईवडील ओपीडी संपता संपता येतात. मुलगा सोबत नसतो. ‘डॉक्टर, त्याला न सांगता लघवी तपासता येईल का? कावीळ बघायची म्हणून सांगू.’ ओळखीच्या घरांसाठी आपल्यापैकी काहींनी हे केलंही असेल. आमचं मत स्पष्ट आहे: करू नये.

मुलाचा विश्वास जातो, हे तर झालंच. पण हाती तरी काय लागतं? नेहमीच्या पट्टीवर गांजा दिसतो. एखाद्या वेळी ओढला असेल तर काही दिवस, रोजचा असेल तर काही आठवडे. सहलीत एकदा झुरका मारलेला कोण आणि पुरता अडकलेला कोण, हे पट्टी सांगत नाही. व्हाइटनर, पंक्चरचं सोल्युशन तर तिला दिसतच नाही. एम्सच्या २०१९च्या राष्ट्रीय अहवालात हुंगण्याच्या पदार्थांचं प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के होतं. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आढळलेला हा एकच प्रकार. अशा मुलाची पट्टी निगेटिव्ह येते आणि घर निर्धास्त होतं.

हुंगताना मुलगा सापडला तर ओरडू नका, मागे धावू नका, हे पालकांना आवर्जून सांगावं. त्या वाफांनी हृदयाची लय इतकी नाजूक झालेली असते की दचकणं किंवा पळणंही जिवावर बेतू शकतं. खिडक्या उघडाव्यात, शांतपणे जवळ थांबावं. शुद्ध हरपत असेल तर १०८. बाकीचं बोलणं दुसऱ्या दिवशी.

‘आधी मुलाला घेऊन या’ हे आपलं ठेवणीतलं वाक्य. अमेरिकेत रॉबर्ट मेयर्स यांनी विकसित केलेल्या ‘क्राफ्ट’ पद्धतीत मात्र सुरुवात घरच्यांपासूनच होते, आणि उपचाराला नकार देणारे बरेच जण त्यानंतर उपचाराला आल्याचं अभ्यासांत दिसलं. आई गुपचूप पैसे देते, बाबा कानाखाली वाजवतात, हे आधी थांबायला हवं. नशेत असताना वाद नको. शुद्धीत घरी आला, त्या संध्याकाळी त्याच्यासोबत जेवायला बसावं. बाबांच्या खिशातल्या तंबाखूच्या पुडीचा विषयही आपणच काढायचा, संकोच न करता.

मुलगा आला की त्याच्याशी एकट्याशी बोलणार, हे पालकांना आधीच सांगून ठेवावं. जिवाला धोका असेल तरच घरी सांगेन, हे मुलाला. आणि या सगळ्याला वेगळी वेळ द्यावी, तिची फीही घ्यावी. पुढचा पेशंट दारातून डोकावत असताना हे काम होत नाही.