डोंगरवाटेची धाव

स्मरणिकेत शिक्षकाने शिस्त, अभ्यास आणि स्पर्धा परीक्षा यांवर लिहावे, असा संकेत आहे. त्या विषयांवर लिहिणारे सहकारी या अंकात आहेतच. मी धावण्याविषयी लिहिणार आहे. तेही मैदानावरच्या नव्हे, तर डोंगराच्या नाळेतून आणि पठारावरून धावण्याविषयी. आपल्या निवासी विद्यालयाने इयत्ता आठवीपासूनच्या मुलामुलींना वर्षातून एकदा दोन दिवस अशा वाटेवर न्यावे, असे माझे मत आहे. सहल म्हणून घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या जलविहारात बस उभी करून येण्याला माझा विरोध नाही. पण त्यातून मुले काय घेऊन परततात, हे पालकांनी एकदा त्यांनाच विचारावे.

२०२४ साली प्रजासत्ताक दिन शुक्रवारी आला. सलग तीन दिवसांची सवड मिळाली. ध्वजवंदन आटोपून मी आणि माझे एक स्नेही चेण्याहून निघालो. हे स्नेही चेण्याच्या आदिवासी पाड्यावरचे. माझ्याहून चार वर्षांनी लहान, आणि वसई-विरारची मॅरेथॉन धावलेले. आमच्या गावामागच्या जंगलापलीकडे कान्हेरीची लेणी आहेत. परंतु राष्ट्रीय उद्यानातून मनाला येईल तसे धावता येत नाही, आणि बिबट्याच्या घरात तसे धावूही नये. म्हणून आम्ही नाणेघाट निवडला. ठाणे, कल्याण, मुरबाड असे करीत एस.टी.ने वैशाखऱ्याला उतरलो, तेथेच मुक्काम केला आणि शनिवारी उजाडण्यापूर्वी चढणीला लागलो.

चढणीवर ‘धाव’ हा शब्द नावापुरताच असतो. गुडघ्यांवर हात टेकवून, श्वास मोजत, दगडी पायरीमागून पायरी चढायची. वर जाऊ लागलो तशी दोन्ही अंगांनी कातळ जवळ येऊ लागला. माथ्याजवळ घाट म्हणजे कड्यांमधली एक अरुंद चीर उरते आणि खालच्या कोकणातला वारा त्या चिरेतून वर शिरतो. स्नेह्यांनी मला तीनच गोष्टी सांगितल्या. पावले लहान टाकायची, नजर पुढच्या चार हातांवर ठेवायची आणि उतारावर टाच रोवून स्वतःला अडवायचे नाही. डोंगरात वाढलेल्या माणसाचे हे ज्ञान कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. सिंहगड-राजगड-तोरण्याच्या रांगेत आता धावण्याच्या मोठ्या स्पर्धा होतात आणि शहरातील मंडळी महागडे बूट घालून तेथे येतात. त्यांचे कौतुक जरूर व्हावे. परंतु या विद्येचे जुने जाणकार पाड्यांवर आहेत, हे विसरले जाते.

घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. अश्वमेधादी यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, हत्ती, कार्षापणे यांची त्यात जंत्री आहे. आकडे वेगवेगळ्या चिन्हांनी लिहिले आहेत, म्हणून भारतीय अंकांच्या इतिहासातही या भिंतीला मान आहे. समोर सातवाहन कुळातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज वर नावे आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या शिल्लक आहेत. बाहेर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे सांगतात.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून माझे भांडण यापुढे सुरू होते. नाणेघाट म्हटले की राणी, यज्ञ आणि रांजण एवढेच सांगितले जाते. ही वाट ज्या जुन्नरला जाते, तेथील डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत, आणि ती बौद्ध भिक्खू संघासाठी कोरलेली आहेत. त्यांचे दाते कोण होते? धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दिली. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाचे काम करणाऱ्यांच्या श्रेणींकडे दानाची ठेव ठेवली जाई. तीन लेखांत यवन दाते आहेत. लेण्याद्रीचे चैत्यगृह देणारा हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त तर कल्याणचा. ज्या कल्याणहून आम्ही एस.टी. पकडली, त्याच कल्याणचा! तो किंवा त्याची माणसे जुन्नरला गेली असतील ती बहुधा याच नाळेने. बांबू विणणाऱ्यांकडे लोक विश्वासाने ठेव ठेवीत, ही गोष्ट राणीच्या दक्षिणेइतकीच पाठ्यपुस्तकात यायला हवी. आज टोपल्या विणणाऱ्या घरातल्या मुलाला ती कोणी सांगितलेली नसते.

घाटमाथ्यावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. स्नेह्यांनी बाटली भरली, क्लोरीनची गोळी टाकली आणि अर्ध्या तासाने आम्ही दोघे ते पाणी प्यालो. आमची जात कोणी विचारली नाही. हे वाक्य तरुण वाचकांना अनावश्यक वाटेल. १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यास निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याशी धुळीने माखलेल्या या मंडळींनी प्रवेशद्वाराजवळच्या टाक्यातील पाण्याने हातपाय धुतले. पाणी बाटविले म्हणून तेथील मुस्लिम रहिवासी त्यांच्यावर धावून आले. अखेर किल्ला पाहू दिला तो आत कोठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि नजर ठेवायला एक सशस्त्र शिपाई बरोबर देऊन. ही हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. महाडचा सत्याग्रह होऊन तेव्हा सात वर्षे झाली होती. आपल्या माणसांनी लेणी पाहायला जाणे, ही साधी सहल त्या काळी नव्हती.

माथ्यावरून पुढे पठार लागते आणि तेथे खरी धाव सुरू झाली. जीवधनचा कडा मागे पडला, चावंड समोर आला, कुकडीच्या खोऱ्यातून माणिकडोहाचे पाणी मधूनमधून चमकत राहिले. आम्ही थोडे धावलो, थोडे चाललो. बोललो फारच थोडे. आपटाळ्यास रात्र काढून रविवारी सकाळी तुळजा लेणी गाठली. बारा खांबांच्या वर्तुळात उभा असलेला तेथील स्तूप पाहून स्नेही बराच वेळ प्रदक्षिणा घालीत राहिले. मग लेण्याद्री, आणि माळशेजमार्गे एस.टी.ने परत.

पालक सभेत मी हा विषय काढला, तेव्हा एका वडीलधाऱ्या पालकांनी उभे राहून विचारले, “गुरुजी, आमच्या बापजाद्यांनी डोक्यावर मोळ्या घेऊन डोंगर पालथे घातले. पोरांनी खुर्चीत बसावं म्हणून आम्ही त्यांना इथं घातलं. पुन्हा डोंगरात कशाला पळवता?” या प्रश्नाला हसण्यावारी नेणाऱ्यास आपला इतिहास ठाऊक नाही. वतनदार महाराला रात्री-अपरात्री सांगावा घेऊन गावोगाव धावावे लागे. कोणाच्या मयताची वर्दी असो, सरकारी सारा असो. ती धाव हुकमाची होती. ती संपावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतने प्रत्यक्ष रद्द होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. मी त्या पालकांना एवढेच म्हटले की, ज्या पायांना दुसऱ्याच्या हुकमाने धावावे लागले, त्यांच्या नातवंडांनी मनात आले म्हणून धावून पाहावे. त्यांचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. सभा संपल्यावर त्यांनी विचारले, मुलीही नेणार का?

मुली नेणारच. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत डोंगराळ वाटांवर पाणी वाहणाऱ्या घरातून पुढे आली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरचे कांस्यपदक मिळविले, आणि २०१६ मध्ये ती रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन धावली. आपल्या वसतिगृहातील मुली जिने झाडतात, रांगेत जेवतात, परीक्षेत मुलांच्या पुढे असतात. मात्र आवाराबाहेर त्या धावताना मी कधी पाहिल्या नाहीत. मला हे खटकते.

अशी धाव जानेवारीतच व्हावी. पावसाळ्यात नाळेतून दगड आणि पाणी एकदमच खाली येतात. तेव्हा धबधब्याची छायाचित्रे पाहून कोणी मोहात पडू नये. स्पर्धा नको, पदके तर नकोच. सर्वांत सावकाश मुलाच्या वेगाने तुकडी चालावी. वैशाखरे किंवा घाटघरचा माहीतगार माणूस बरोबर घ्यावा आणि त्याला रीतसर मजुरी द्यावी. निघण्यापूर्वी महिनाभर मुलांना ब्राह्मी अक्षरे शिकवावीत. मुले ती पंधरा दिवसांत शिकतात, असा माझा वर्गातला अनुभव आहे. आणि भिंतीवरचे एखादे नाव स्वतः वाचता आले की मार्गदर्शकाच्या थापा चालत नाहीत.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. दरवर्षी आपण विद्यालयाला पंखे आणि कपाटे देता, पात्यावर नावही घालता. सुलसदत्तानेही चैत्यगृहावर नाव कोरलेच होते, तेव्हा त्यात गैर काही नाही. यंदा मात्र बूट द्यावेत. साधे, रबरी तळव्याचे, पकड असलेले. पहिल्या तुकडीत तीस मुलेमुली धरली आहेत. त्यांतल्या अकरा जणांकडे चपलांखेरीज पायात घालायला काही नाही. मापांची यादी मी विद्यालयाच्या कार्यालयात ठेवली आहे.