गच्चीवरचे किलोवॉट आणि बिलातले युनिट

उलवे : पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली आणि 'मोफत वीज' हे दोन शब्द घरोघरी पोहोचले. सिडकोने वसविलेल्या उलवे नोडमध्ये मात्र बहुमजली इमारतींचीच गर्दी आहे. येथे एक गच्ची अनेक कुटुंबांची असते. त्यामुळे सौर संचाचा निर्णय घेण्यापूर्वी विजेचे प्राथमिक गणित समजून घेणे संस्थांच्या कार्यकारिणीला क्रमप्राप्त ठरते.

सर्वाधिक घोळ होतो तो किलोवॉट आणि युनिट यांत. किलोवॉट ही क्षमता. युनिट म्हणजे एक किलोवॉट क्षमता तासभर वापरली असता खर्च होणारी वीज. पाण्याचा पाच अश्वशक्तीचा पंप सुमारे पावणेचार किलोवॉटचा असतो. तो रोज तीन तास चालला, तर अकरा युनिट खर्च होतात. विक्रेता किलोवॉट विकतो, महावितरणचे बिल युनिटवर येते. ग्राहकाची फसगत होते ती नेमकी या दोहोंमधल्या जागेत.

पॅनेलवर छापलेली क्षमता प्रयोगशाळेतील प्रखर प्रकाशात आणि २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते. उलव्याच्या उन्हात पॅनेल ६० अंशांपर्यंत तापले, की उत्पादन १० ते १५ टक्क्यांनी घटते. धूळ आणि पावसाळी ढग यांची वजावट वेगळीच. हे सारे धरून एक किलोवॉटपासून महिन्याला सरासरी १२० युनिट मिळतात, असा ढोबळ हिशेब आहे.

समजा, गच्ची तीन हजार चौरस फुटांची आहे. टाकी, लिफ्टची खोली आणि त्यांची सावली वगळता निम्मी जागा उरली. एका किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट लागतात. म्हणजे पंधरा किलोवॉट, महिन्याला १,८०० युनिट. चाळीस सदनिकांत वाटल्यास प्रत्येकी ४५! एवढ्याने घरगुती बिल शून्यावर येणे अशक्य. तीच वीज लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिव्यांच्या सामायिक मीटरला जोडली, तर देखभाल खर्चात लक्षणीय फरक पडतो. संस्थांच्या सामायिक वापरासाठी योजनेत प्रति किलोवॉट १८ हजार रुपये अनुदान आहे. या संचाला ते दोन लाख ७० हजार होते.

सावलीचा मुद्दा अनेकदा दुर्लक्षिला जातो. व्होल्ट हा विजेचा दाब, अँपिअर हा तिचा प्रवाह आणि दोहोंचा गुणाकार म्हणजे वॉट. दाब वाढविण्यासाठी पॅनेल एकापुढे एक जोडतात. अशा साखळीत टाकीची सावली एका पॅनेलवर पडली, तरी साऱ्या साखळीचा प्रवाह रोडावू शकतो.

पॅनेलची डीसी वीज इन्व्हर्टर एसीमध्ये बदलतो. दिवसा उरलेली वीज महावितरणच्या जाळ्यात जाते आणि नेट मीटरमुळे रात्रीच्या वापरातून वजा होते. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो.

जाळ्यातील पुरवठा खंडित झाला, तर भर दुपारीही हा संच थांबतो. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या कर्मचाऱ्याला खालून येणाऱ्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. लिफ्ट चालू राहावी असे वाटत असल्यास बॅटरी किंवा जनरेटरचा खर्च निराळा धरावा लागेल, आणि निविदेच्या रकमेत तो सहसा नसतो.