रात्री बारा ते साडेपाच : भिवंडीच्या गोदामांची तारीख

गोदामाचं, बिलाचं आणि ट्रान्सपोर्टचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांना, आणि तिथे काम करणाऱ्या प्रोग्रॅमर मंडळींना,



ठाणे-मुंबईत गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांना बंदी असते. त्यामुळे मानकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यातल्या गाळ्यांवर माल भरायची खरी घाई रात्री असते. बारा वाजून गेल्यावर बिल फाटतं, बिल्टी बनते, ई-वे बिल निघतं आणि गाडी हायवेला लागते. नेमक्या याच वेळात तुमच्यापैकी अनेकांच्या सॉफ्टवेअरमध्ये कालची तारीख चालू असते.

कारण तुम्हाला ठाऊक आहे. सर्व्हर मुंबईत असला तरी त्याचं घड्याळ बहुधा यूटीसीवर लावलेलं असतं आणि आपली प्रमाणवेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. भिवंडीत मध्यरात्र होते तेव्हा त्या घड्याळात आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. ‘आजची तारीख’ तुम्ही त्या घड्याळाला विचारलीत, की पहाटे साडेपाचपर्यंतचं प्रत्येक बिल कालचं होतं.

१ एप्रिलला रात्री दीड वाजता फाटलेलं बिल घ्या. यूटीसीत तेव्हा ३१ मार्चचे रात्रीचे आठ वाजलेले असतात. बिलावर ३१ मार्च येतो, म्हणजे सरळ मागचं आर्थिक वर्ष. जीएसटीत बिलाचा क्रमांक त्या-त्या आर्थिक वर्षापुरता एकमेव असावा लागतो, म्हणून बहुतेक जण १ एप्रिलपासून नवी मालिका सुरू करतात. इथे मालिका जुनीच पुढे सरकते आणि विक्री गेल्या वर्षाच्या हिशेबात जमा होते. ई-वे बिल मात्र सरकारी पोर्टलच्या वेळेने निघतं, त्यावर १ एप्रिल असतो. वाटेत गाडी थांबवली की दोन कागदांवर दोन तारखा का, याचं उत्तर ड्रायव्हरला द्यावं लागतं. त्या सॉफ्टवेअरचं नावही त्याला माहीत नसतं.

मुदतीचंही तेच. साध्या मालाच्या ई-वे बिलाला २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो आणि पहिला दिवस संपतो तो बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी मध्यरात्री. तुमची स्क्रीन एक दिवस मागून मोजायला लागली, तर मुदत संपत आल्याचा लाल इशारा एक दिवस आधीच झळकतो. कारकून घाबरून मुदत वाढवायला जातो आणि पोर्टल नकार देतं, कारण वाढ मिळते ती फक्त मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत.

घड्याळ कुणाचं धरायचं, हा वाद या भागाला नवा नाही. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून आली, तरी तिच्या ३९ मिनिटं मागे असलेला ‘बॉम्बे टाइम’ मुंबईत १९५५ पर्यंत टिकून होता. पण तो वाद उघड्यावर चालला. कुठलं घड्याळ कुठली वेळ दाखवतं, हे लोकांना माहीत होतं. तुमच्या सॉफ्टवेअरमधला साडेपाच तासांचा फरक कुणाला दिसतच नाही.

दुसरी तक्रार तारीख लिहिण्याची आहे. ०५/०६/२०२५ म्हणजे आमच्यासाठी ५ जून. अमेरिकी सेटिंग तसंच राहिलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की ती ६ मे होते. एक्सेलचा रकाना नीट बघा. बारा तारखेपर्यंतच्या नोंदी उजवीकडे चिकटलेल्या दिसतात, त्या तारखा म्हणून स्वीकारल्या गेल्या आणि दिवस-महिना उलटले. तेराव्या तारखेपासूनच्या नोंदी डावीकडे राहतात, कारण तेरावा महिना नसतो आणि कॉम्प्युटर त्यांना नुसता मजकूर समजतो. डोळ्यांना डावीकडच्या नोंदी चुकीच्या वाटतात. खरी चूक उजवीकडे असते. खाण्याच्या वस्तूंच्या आणि औषधांच्या गोदामात आधी मुदत संपणारा माल आधी बाहेर काढतात. तिथे ६ मे ही मुदत ५ जून म्हणून वाचली गेली, तर मुदत संपलेला माल दुकानात जाईल. ही गोष्ट मला सगळ्यांत गंभीर वाटते.

म्हणून आमचं मागणं. घटना नेमकी कधी घडली ते खुशाल यूटीसीत साठवा. तो चांगला नियम आहे. पण बिलाची तारीख आणि मालाची मुदत हे कॅलेंडरवरचे दिवस आहेत. ते नुसत्या तारखेच्या रूपात ठेवा, त्यांना मध्यरात्रीची वेळ चिकटवू नका. ब्राउझरमध्ये निवडलेली १ एप्रिल टू-आयएसओ-स्ट्रिंगमधून काढून पहिली दहा अक्षरं कापलीत की ३१ मार्च होते, हे तुमच्यातल्या कित्येकांनी पाहिलं असेल. ‘आज’ ठरवताना ‘एशिया/कोलकाता’ हा विभाग स्पष्ट लिहा. सर्व्हरवर किंवा समोरच्या फोनवर विसंबू नका. मालक दुबईत बसून हिशेब बघत असला, तरी भिवंडीत फाटलेल्या बिलाची तारीख भिवंडीचीच राहिली पाहिजे. छापताना महिना अक्षरांत छापा : ५ जून २०२५. मराठीत तारीख दाखवायची सोय ब्राउझरमध्ये तयार आहे, देवनागरी आकड्यांसकट.

चाचणी दुपारी करून थांबू नका. घड्याळ १ एप्रिलच्या रात्री दीडवर नेऊन एक बिल काढा, मग १ जानेवारीच्या पहाटे पाचवर नेऊन दुसरं.

जुन्या नोंदी मात्र परस्पर बदलू नका. ज्यांच्यासोबत वेळ साठवलेली आहे, त्यांची खरी तारीख काढता येते. त्यांची यादी आधी गोदामवाल्याला द्या. त्यातली काही बिलं विवरणपत्रात गेलेली असतील, आणि तिथली दुरुस्ती त्याला त्याच्या कर सल्लागारासोबत बसून करावी लागेल.

आपला,
भिवंडीतल्या एका गोदामाचा हिशेबनीस