संगणकातल्या मराठीला राजपत्र लागत नाही

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला. म्हणून चालता संगणक भंगारात का काढायचा? मी घरी लिनक्स मिंट घातलं. मी कारकून, तोही आर्ट्सवाला, मला जमलं. पेनड्राइव्हवरून आधी चालवून पाहता येतं, जुनं काही पुसलं जात नाही. अडचण एकच: बिगर-युनिकोड फाँटातल्या मराठी फायली तो फाँट नसेल तर वाचता येत नाहीत.

पण फुकट मिळतं हा मोठा लाभ नव्हे. लिब्रेऑफिसच्या मराठी मेनूत एखादा शब्द खटकला, तर तुम्ही-आम्ही दुरुस्ती सुचवू शकतो. १९८७च्या राजभाषा कायद्यापासून गोव्यात आपण मराठीचं स्थान मागत आलोय. इथे मागायचं नाही, काम करायचं. तेवढं तरी आपण करणार का?