पिशवी काढण्याआधी चाचणी करा

अंगावरून पांढरं जातं, कंबर भरून येते, ओटीपोटात दुखतं. ऊसतोडीला जाणारी बाई हे सगळं हंगामभर अंगावर काढते. कोयता थांबला की मजुरी बुडते आणि वर दंडही बसतो. शेवटी ती दवाखान्याची पायरी चढते, तेव्हा तिथे सांगतात, ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.’ बीड जिल्ह्यातल्या कितीतरी बायकांनी हेच ऐकून संमतीच्या कागदावर अंगठा उमटवला. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऊसतोड महिलांचा प्रश्न हाती घेतला. पाहणी झालेल्या सुमारे 82 हजार जणींपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यातल्या अनेकींनी चाळिशीही ओलांडलेली नव्हती.

कॅन्सरची भीती खोटी नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने 2022 मध्ये भारतात सुमारे 80 हजार बायका दगावल्याचा अंदाज आहे. पण हा रोग कसा होतो हे कुणी त्या बायकांना नीट सांगितलं असतं, तर एवढ्या कमी वयात इतक्या पिशव्या काढाव्या लागल्या नसत्या.

या रोगाच्या जवळपास प्रत्येक रुग्णात एकच मूळ सापडतं: ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही. जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सुर हाउझेन यांनी 1983 आणि 1984 मध्ये या विषाणूचे 16 आणि 18 क्रमांकाचे प्रकार गर्भाशयमुखाच्या गाठींमधून शोधून काढले. त्यांना 2008 चं नोबेल मिळालं. या दोन प्रकारांमुळेच सुमारे 70 टक्के रुग्णांना हा कॅन्सर होतो. गर्भाशयाच्या तोंडाशी दोन वेगळ्या जातींच्या पेशी एकमेकींना भिडतात, तिथली त्वचा नाजूक असते. सूक्ष्म ओरखड्यातून विषाणू आत शिरतो आणि सर्वांत खालच्या थरातल्या पेशींत मुक्काम ठोकतो. बहुतेकींचं शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला हुसकावून लावतं. जिथे तो टिकतो, तिथे त्याची ई-6 आणि ई-7 ही प्रथिनं काम बिघडवतात. पेशीची बेफाम वाढ रोखणारी पी-53 आणि आरबी ही आपली दोन प्रथिनं ती निकामी करतात. मग बिघडलेली पेशी थांबत नाही, दुरुस्त होत नाही आणि मरतही नाही.

तरीही तिचा कॅन्सर व्हायला साधारणपणे 10 ते 20 वर्षं लागतात. एवढी लांब मुदत देणारे कॅन्सर थोडेच. या काळात चाचणी झाली, तर बिघडलेला भाग गोठवून किंवा जाळून काढता येतो आणि पिशवी जागच्या जागी राहते. अंगावरून पांढरं जाणं हे अनेकदा साध्या जंतुसंसर्गाचं लक्षण असतं आणि ते औषधाने बरं होतं. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर मात्र एक दिवसही दवडू नये.

सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट पुढेच आहे. बीडला लागून असलेल्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने एक मोठा अभ्यास झाला. गावांचे 52 गट आणि 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांहून अधिक बायका त्यात होत्या. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हा निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या तपासणी धोरणांना त्याचा आधार मिळाला. मराठवाड्यातल्या बायकांनी जगाला हे दाखवून दिलं, आणि शेजारच्याच जिल्ह्यात बायकांना चाचणीऐवजी शस्त्रक्रिया मिळाली. याला अन्याय म्हणायचं नाही, तर कशाला?

देशाचं चित्रही वेगळं नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या शंभर बायकांमागे दोघींचीही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधी झालेली नव्हती. खरं तर एचपीव्ही चाचणी नसेल, तरी साधी तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकते. प्रशिक्षित परिचारिका कापसाच्या बोळ्याने गर्भाशयाच्या तोंडाशी पातळ ॲसेटिक आम्ल लावते आणि मिनिटभर थांबते. पांढरा डाग उमटला, तर पुढची तपासणी करायची. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने दीड लाख बायकांवर केलेल्या अभ्यासात एवढ्याशा तपासणीने मृत्यू 31 टक्क्यांनी घटले.

बायका पुढे का येत नाहीत? लाज हे एक कारण आहे. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो म्हटलं की बोट लगेच बाईच्या चारित्र्याकडे वळतं. पण संबंध असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी लागतोच. एकाच जोडीदारासोबत उभा जन्म काढलेल्या बाईलाही तो होतो.

लेकींसाठी लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक 2023 पासून मिळते. एक डोस पुरेसा ठरतो, हेही बऱ्याच अंशी भारतातच कळलं. 2010 मध्ये लसीची चाचणी मध्येच थांबवावी लागली आणि हजारो मुलींना एकच डोस मिळाला. दहा वर्षांनी पाहिलं, तेव्हा 16 आणि 18 या प्रकारांचा टिकून राहणारा संसर्ग एका डोसनेही जवळपास पूर्ण डोसांइतकाच रोखलेला दिसला. पण आजच्या आयांना या लसीचा फारसा उपयोग नाही. त्यांना चाचणीच हवी.

म्हणून घरातल्या तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईने या महिन्यात जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन गर्भाशयमुखाची तपासणी मागावी. कुणी पिशवी काढा म्हणालं, तर आधी विचारावं: ‘चाचणी कुठली केली? तिचा रिपोर्ट दाखवा.’