छाटणीला घाबरू नका

पाऊस ओसरला की आमच्याकडे एक तक्रार हमखास येते. “गुलाब नुसता उंच वाढलाय, फूल मात्र एखादंच.” “मोगऱ्याला पानंच पानं, कळी नाही.” खत घातलं, पाणी घातलं, कुंडीही बदलली, असं सगळं सांगून होतं. छाटणी केली का, असं विचारलं की समोरून उत्तर येतं, “कापायला जीव होत नाही हो!”

आमचाही होत नव्हता. दारातला मोगरा अब्बांनी लावलेला. अब्बांचा इंतकाल झाला आणि त्या झाडाला कुणी हात लावायचा नाही, असं घरात न बोलताच ठरून गेलं. तीन वर्षं आम्ही त्याची एक फांदीही तोडली नाही. झाड वेलीसारखं भिंतीवर लोळलं, खालून लाकडासारखं झालं, आणि फुलं ओंजळीवरून चिमटीवर आली. शेवटी एका थंडीत अम्मींनीच विषय काढला. म्हणाल्या, “तुमचे अब्बा दर जानेवारीत याला गुडघ्यापर्यंत कापायचे. तुम्ही सगळे शाळेत असायचात, म्हणून तुम्हाला कधी दिसलं नाही.”

त्यांची आठवण म्हणून आम्ही जे जपत होतो, ते त्यांनी स्वतः कधी जपलं नसतं! त्याच रविवारी कातर काढली.

कापल्यावर फुलं का येतात, ते आधी समजून घेऊ. फांदीच्या शेंड्यावरचा डोळा ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार करतो. त्यामुळे खालचे डोळे झोपून राहतात आणि फांदी सरळ वर पळते. शेंडा काढला की खालचे डोळे जागे होतात, एका फांदीच्या जागी दोन-तीन फुटवे येतात. मोगरा, गुलाब, जास्वंद या तिघांनाही फूल येतं ते नव्या फुटव्यावर. फुटवा नाही तर कळी नाही.

मोगरा : याची छाटणी डिसेंबरअखेर ते जानेवारीत करावी. त्याआधी दोन-तीन आठवडे पाणी कमी करत आणावं. जमिनीतल्या झाडाला हा ताण सोसतो. कुंडीतल्या झाडाला मात्र अगदी कोमेजू देऊ नये. मग वाळक्या, बारीक, आत गुंतलेल्या फांद्या काढून उरलेलं झाड साधारण दीड फुटावर कापावं. बुंध्याभोवतीची माती हलकी करून चांगलं कुजलेलं शेणखत घालावं आणि पाणी सुरू करावं. उन्हाळ्यात बहर आला की फुलं झालेला प्रत्येक शेंडा दोन पानं खाली खुडावा, म्हणजे पुढची कळी येते. एका वर्षी आम्ही आळस केला आणि मार्चमध्ये छाटणी केली. कळ्या धरू लागलेले फुटवेच कापले गेले आणि तो बहर वाया गेला.

गुलाब : पाऊस थांबून हवा कोरडी झाली की, म्हणजे ऑक्टोबरात. आधी वाळलेल्या, काळ्या पडलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. जाड, निरोगी अशा चार-पाच फांद्या ठेवून त्या गुडघ्याइतक्या उंचीवर कापाव्यात. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर आणि तिरका घ्यावा. त्यामुळे पाणी डोळ्यावर साचत नाही आणि झाड मधून मोकळं राहतं. कलमाच्या गाठीखालून येणारा फुटवा हा मूळ रानगुलाबाचा असतो. तो बुडापासूनच काढावा, नाहीतर सगळी ताकद तोच खातो. छाटणीनंतर साधारण दीड महिन्यात फुलं दिसू लागतात. गावठी गुलाबाची मात्र हलकीच छाटणी करावी.

जास्वंद : थंडी सरताना, फेब्रुवारीच्या सुमारास, एक तृतीयांश कापली तरी पुरे. शेंड्यांवर पांढरा कापसासारखा मिलीबग दिसला तर ते शेंडे लगेच कापून पिशवीत बांधून टाकावेत, खताच्या खड्ड्यात नाही.

दोन वेळा टाळाव्यात. भर पावसात कापलेलं टोक कुजतं आणि बुरशी खाली उतरते. मे महिन्यात उघड्या पडलेल्या फांद्या उन्हाने करपतात.

हत्याराबद्दल थोडं. आम्ही पहिल्यांदा स्वयंपाकघरातली कातर वापरली आणि फांद्या कापण्याऐवजी चेंगरल्या. झाडं छाटायचा धारदार कटर घ्यावा आणि एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना तो स्पिरिटने पुसावा. रोग असाच पसरतो. जाड फांदीच्या कापावर मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावावी.

पाण्याचं म्हणाल, तर वुजू करताना खाली एक टोपलं ठेवा. त्या पाण्यात साबण नसतो. पाच वेळच्या नमाजांत दोन-तीन कुंड्यांची सोय सहज होते, आणि पाणी वाया घालवू नये ही शिकवण मुलांना न सांगता कळते.

उर्दूत ‘कलम करना’ म्हणजे कापणं. मराठीत कलम म्हणजे नवं रोप. वर्गात हा शब्द आला की आम्ही मुलांना दोन्ही अर्थ सांगतो, कारण बागेत ते एकत्रच येतात. छाटलेल्या फांद्या फेकू नका. गावठी गुलाब आणि जास्वंदीचे पेन्सिलएवढे जाड, सहा-आठ इंचांचे तुकडे ओलसर मातीत सावलीला खोचले की त्यातले बरेच जगतात. झाड लावणाऱ्याला त्यातून पाखराने खाल्लेल्याचाही सवाब मिळतो, हे आपल्याला हदीसमधून माहीत आहे. मग शेजारणीला दिलेलं एक रोपही वाया कसं जाईल?

आमचा मोगरा छाटल्यावर महिनाभर नुसती काटकं उभी होती. येणारा-जाणारा विचारायचा, मेलं का झाड? मग हिरवे ठिपके दिसले. उन्हाळ्यात पहिली ओंजळ अम्मींनी वाटीभर पाण्यात ठेवली, जानमाजशेजारी. म्हणाल्या, “आता पुढच्या जानेवारीची आठवण मी करायला नको.”

या महिन्यात गुलाबापासून सुरुवात करा. फुलं आली की इन्शाअल्लाह आम्हाला जरूर कळवा.