आधी विरजण, मग मासा

वैनगंगेच्या खोऱ्यात मासा आणि धान एकाच पाण्यावर पोसणे जुनेच आहे. बालाघाटच्या दक्षिणेला, गोंदिया-भंडाऱ्यात, कोहळी समाजाने गोंड राजांच्या आश्रयाने बांधलेले तलाव आज ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जातात. मामा म्हणजे माजी मालगुजारी. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, नाव तेवढे राहिले. या तलावात ढिवर जाळे टाकतो आणि तेच पाणी, माशांनी घाण केलेले, पाटाने खालच्या बांधीत उतरून धानाला लागते. सध्या शहरी घरांच्या गच्चीवर आणि सांदवाडीत ‘ॲक्वापॉनिक्स’ या नावाने जे येऊ लागले आहे, ते या व्यवस्थेचेच टाकीत बसवलेले रूप. माशाचे पाणी गिट्टी भरलेल्या वाफ्यात चढते, मुळे त्यातले खत घेतात, निवळलेले पाणी परत टाकीत येते. फरक एवढाच की तलावाचा गाळ दहा चुका पोटात घालतो. पाचशे लिटरची टाकी एकही घालत नाही.

म्हणून टाकी घेण्याआधी हे कशासाठी करायचे ते ठरवावे, आणि माझे उत्तर ‘मासळीसाठी’ असे नाही. हिशेबच तसे सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली छोट्या ॲक्वापॉनिक्सवर एक जाडजूड पुस्तक काढले. त्यात हजार लिटरमागे २० किलोच्या वर मासे ठेवू नयेत असा सल्ला आहे आणि पालेभाजीला दर चौरस मीटरमागे रोज ४० ते ५० ग्रॅम मत्स्यखाद्य हे प्रमाण धरले आहे. पाचशे लिटरच्या टाकीत नवख्याने त्या मर्यादेच्या निम्मे, म्हणजे पाचेक किलो मासे ठेवावेत. मोठे होऊ लागलेले मासे रोज वजनाच्या एक-दोन टक्के खातात, म्हणजे ५० ते १०० ग्रॅम. एवढ्या खाद्यावर भाजी पोसते एक ते दोन चौरस मीटर. दोन चौरस मीटर म्हणजे एक खाट. सहा-आठ महिन्यांत पाच किलो मासळी आणि एका खाटेएवढा पालक, एवढाच हा कारभार. यातून धंदा उभा राहील असे सांगणारा बहुधा टाकी विकायला आलेला असतो.

मग करायचे कशाला, जेव्हा बाजारात तलावाची ताजी मासळी मिळते? भाजीसाठी. या वाफ्यात मासा हा पीक कमी आणि जामीन जास्त आहे. बाजारच्या मेथीवर काय फवारले ते पानाकडे पाहून कळत नाही. इथे तुम्ही फवारायला गेलात, तर औषध ओघळून टाकीत उतरते, आणि कीटकनाशकांतला पायरेथ्रॉइड गट माशाला अगदी थोड्या प्रमाणातही मारतो. कडुनिंबाचा अर्कसुद्धा जपूनच वापरावा लागतो. त्यामुळे अळी हाताने वेचणे आले, जाळी लावणे आले. भाजी बिनऔषधाची राहते ती मालकाच्या सद्गुणामुळे नव्हे, त्याला दुसरा मार्गच उरत नाही म्हणून. शाकाहारी घरानेही हे करायला हरकत नसावी. टाकीत गोल्डफिश सोडले तरी पालकाला त्याचे काही नसते.

भाजी हेच मुख्य पीक मानले की पुढचा क्रमही बदलतो. बहुतेक टाक्या फसतात त्या पहिल्याच महिन्यात, कारण टाकी भरली की दुसऱ्या दिवशी मासे सोडले जातात. शंभर ग्रॅम खाद्यात ३२ टक्के प्रथिने धरली, तर त्यात सुमारे पाच ग्रॅम नत्र असते. त्यातला तिसरा हिस्सा माशाच्या अंगी लागतो. उरलेला बहुतांशी अमोनिया होऊन कल्ल्यांवाटे पाण्यात येतो. हा अमोनिया माशाला विष आहे. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषच, आणि दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात. रोपांना खरे मानवते ते हे नायट्रेट. हे जिवाणू गिट्टीच्या खड्यांवर बुळबुळीत थर धरून राहतात, आणि तो थर बसायला उबदार पाण्यात चार ते सहा आठवडे लागतात. दूध आणि विरजण एकत्र आल्याबरोबर दही मागावे, तशी घाई इथे होते. आधी रिकाम्या टाकीत पाणी फिरवावे, रोज चिमूटभर खाद्य टाकून ते कुजू द्यावे आणि ओळखीत कुणाची चालू टाकी असेल तर तिथली मूठभर गिट्टी विरजण म्हणून आणावी. तलावातली आणू नये, तिच्याबरोबर जळवा आणि रोगही येतात. नळाचे पाणी असेल तर दिवसभर उघडे ठेवून क्लोरिन उडवावे. जे क्लोरिन आपल्यासाठी जंतू मारते ते हे जिवाणूही मारते. पाण्याचा पीएच ७ वरून ८ वर गेला, तर तेवढ्याच अमोनियातला जहाल हिस्सा जवळपास दहापट होतो. म्हणून पीएच चढवणारा संगमरवराचा चुरा किंवा चुनखडीचे खडे वाफ्यात नकोत. खड्यावर लिंबू पिळून पाहावे, फेस आला तर तो खडा बाद.

विजेचा आक्षेप खरा आहे. ४० वॅटचा पंप दिवसरात्र चालला तर महिन्याला २९ युनिट जळतात, आणि मे महिन्याच्या दुपारी वीज गेली की प्रश्न बिलाचा राहत नाही. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि रोहू-कतला तोंड वर काढू लागतात. यावर बॅटरीचा हवापंप हा एक उपाय. दुसरा मला अधिक शहाणपणाचा वाटतो: देशी मागूर किंवा शिंगी ठेवावी. हे मासे पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेतात, पंप काही तास थांबला तरी तगतात. फक्त टाकीवर जाळी हवी, मागूर पावसाळी रात्री बाहेर सरपटतो. विक्रेता ‘थाई मागूर’ देऊ लागला तर घेऊ नये. तो आफ्रिकन मागूर आहे आणि देशात २००० सालापासून त्याच्यावर बंदी आहे. तिलापियाचाही मोह टाळावा. १९५२ साली हा मासा भारतात आणला गेला आणि पुढे अनेक जलाशयांत देशी माशांना डोईजड झाला. भर पावसात ओसंडलेली टाकी नालीत जाते, आणि बालाघाटची नाली शेवटी वैनगंगेलाच मिळते. आणखी एक, मलाजखंडच्या तांबेखाणीच्या या जिल्ह्यात सांगायला जरा विचित्र वाटणारी गोष्ट: तांबे माशाला विषारी आहे. तांब्याच्या भांड्यातले पाणी आपण सकाळी प्यावे, पण टाकीला तांब्याचा नळ किंवा पितळी कॉक लावू नये. जस्ती पत्राही नको.

सगळ्यांत वजनदार आक्षेप मातीचा. ज्याच्या सांदवाडीत माती आहे, त्याने हे सगळे करूच नये. वाफा करावा, शेणखत घालावे, पालक फुकटात येतो. ॲक्वापॉनिक्सला अर्थ आहे तो फरशी घातलेल्या अंगणात आणि गच्चीवर, तोही गच्ची कुणा जाणत्याला दाखवल्यावर, कारण हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. ‘पाणी वाचते’ हा दावाही सावलीवर अवलंबून आहे. उघड्या टाकीतून सेंटीमीटरभर पाणी उडाले की चौरस मीटरमागे दहा लिटर गेले. वर हिरवी जाळी नसेल तर उन्हाळ्यात बचत कागदावरच राहील.

सुरुवात पाऊस सरताना करावी. सप्टेंबरअखेरीस पाणी अजून कोमट असते, विरजण लागते, आणि मेथी-पालकाचा हंगाम समोर असतो. थंडीत मासे कमी खातात, तेव्हा खाद्यही आखडते घ्यावे. उरलेला दाणा कुजून अमोनियाच वाढवतो. पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडले आहे, ते वरून घालावेच लागते, माशाच्या खाद्यात ते पुरेसे नसते. तपासणीच्या बाटल्या मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात. आदल्या दिवशी खाद्य टाकूनही दुसऱ्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट तेवढे चढलेले दिसले, की बोटाएवढे दहा मासे सोडावेत. पन्नास नव्हे.